आग्रह करणारं यंत्र

जगात सगळ्यांत जास्त वेळा 'नाही' ऐकून घेतलेली बाई मीच असणार, आणि त्याचा माझ्याकडे व्हिडिओ पुरावा आहे. गोसीखुर्दच्या धरणात ओतले तर पाण्याला जागा उरणार नाही, इतके 'नाही' मी साठवून ठेवलेत. मान हलवून नाही, हनुवटी उडवून नाही, तोंडात खर्रा असताना नाही, सासू समोर बसलेली असताना डोळ्यांनीच नाही. लोक नाणी जमवतात, तिकिटं जमवतात. मी माना जमवल्या. त्यांच्यावर पगार खाल्ला, त्यांच्यावर डॉक्टरेट मिळवली आणि त्यांच्याच पायी विमानानं आलेल्या भल्याभल्यांशी भांडले. निवृत्त झाले म्हणून ते भांडण मिटलं असा कोणाचा समज असेल तर त्यानं हा लेख इथेच मिटवावा.

माझा धंदा काय, ते आधी सांगते. मोहाडीच्या बाजारात मी एकदा म्हटलं, "मी संगणकाला डोळे बसवते," तर एका मावशीनं लगेच विचारलं, "मोतीबिंदूचंही करता का?" तेव्हापासून मी जरा सविस्तर सांगते.

कॅमेऱ्यातून आलेलं चित्र संगणकाला दिसत नाही. त्याच्यापुढे येतात नुसते चौकोन, आणि प्रत्येक चौकोनात एक आकडा: इथे इतका उजेड, तिथे इतका अंधार. हे समजायला मला कुठलं जाडजूड पुस्तक लागलं नाही. मी मोहाडीची, कोष्ट्याची पोर. माझे बाबा साडीच्या काठाची नक्षी आधी चौकटीच्या कागदावर काढायचे. हा चौकोन भरलेला, हा रिकामा, पुन्हा हा भरलेला. कागदावर पाहिलं तर मुंग्यांची रांग. मागावर चढून विणून उतरली की मोर. संगणकाला हेच काम उलटं करावं लागतं. त्याच्यापुढे मुंग्या टाकायच्या आणि म्हणायचं, सांग बाबू, यात मोर कुठाय? पुष्कळ मोर दाखवले की तो शिकतो. पण ज्या गावचे मोर दाखवाल, त्याच गावचे ओळखतो. हे शेवटचं वाक्य जरा बांधून ठेवा, पुढचा सगळा झगडा त्याच्यावरूनच आहे.

उमेदीच्या काळात मी आमच्या इंजिनीअरिंग कॉलेजात चेहरा पाहून हजेरी लावणारा कॅमेरा बसवला होता. पहिल्याच वर्षी त्यानं सर्वांत नियमित म्हणून ज्यांचं नाव काढलं, ते आमचे दिवंगत संस्थापक निघाले. वर्गाच्या भिंतीवर हार घालून टांगलेले. प्राचार्य माझ्यावर असे ओरडले की खिडकीतली कबुतरं भंडारा सोडून गोंदियाला गेली ती परतलीच नाहीत. मी शांतपणे म्हटलं, "सर, यंत्र खोटं बोलत नाही. तास संपेपर्यंत जागेवर बसणारे तेवढे एकच आहेत." हार सुकला की त्यांची गैरहजेरी लागायची, असंही पोरं सांगतात. ते मी कबूल करत नाही आणि नाकारतही नाही.

माझ्या धंद्याची दुसरी बाजू म्हणजे माणूस आणि यंत्र यांचं जमवून देणं. सोयरीकच म्हणा. बटण कुठे असावं, यंत्रानं कसं विचारावं, माणसानं कसं सांगावं. या धंद्यात दोन पंथ आहेत. एक म्हणतो, माणूस आणि यंत्राचं जमलं नाही तर माणसाला शिकवा. दुसरा म्हणतो, यंत्राचे कान धरा. दुसऱ्या पंथात भंडारा जिल्ह्यातून मी एकटीच होते. त्यामुळे माझं बहुमत होतं.

मी काम करत होते ते वाचा गेलेल्या माणसांसाठी. लकवा मारलेला माणूस, बोलता येत नाही, हात उचलत नाही. पण मान थोडीफार हलते. खाटेच्या पायथ्याशी स्टँडवर पाटीएवढा पडदा, वर कॅमेरा. यंत्र विचारणार, माणूस मान हलवणार, यंत्र नाकाचा शेंडा, हनुवटी आणि डोळ्यांचे कोपरे कुठून कुठे सरकले ते पाहून पडद्यावर उत्तर लिहिणार. एवढंच. पण हे काम जगात जिथे जिथे झालं होतं तिथे होकार म्हणजे मान वर-खाली आणि नकार म्हणजे डावी-उजवीकडे. आता मला सांगा, आपल्याकडे कोण असा होकार देतो? आपण मान खांद्याकडे कलती करतो, झालं. आणि नकार? हनुवटी टचकन वर आणि जिभेचा 'च्क'. तयार मिळालेल्या यंत्रापुढे मी बाबांना बसवलं आणि विचारलं, "जेवले का?" बाबांनी मान कलती केली. यंत्रानं लिहिलं, 'व्यक्ती झोपी जात आहे.'

म्हणून मी कॅमेरा घेऊन मोहाडीच्या बाजारात उभी राहिले आणि माना गोळा करू लागले. वांगी विकणाऱ्या एका बाईनं मला बराच वेळ न्याहाळलं.

"काय करून राहिली वं बाई? माह्या मुंडक्याचा फोटो काहून काढतेस?"

"मान हलवायचा काढतेय, मावशी. सरकारी काम आहे."

"मान हलवाचं सरकारी काम?" ती म्हणाली. "मंग माह्या नवऱ्याचा काढ ना. लगन झाल्यापासून थो तेवढंच करून राहिला."

त्या नवऱ्याची मान आजही माझ्या संग्रहात आहे, आणि इतका स्वच्छ होकार मला परत मिळाला नाही.

यावरच समितीशी माझी पहिली झटापट झाली. या प्रकल्पाला पैसा देणारी एक समिती होती. तिचे अध्यक्ष दक्षिणेतल्या एका मोठ्या संस्थेतले; आडनावानं मराठी, पण शहरात वाढलेले. माणूस हुशार, कपड्याला सुरकुती नाही, वाक्यालाही नाही. ते म्हणाले, "मॅडम, जगभर एक प्रमाण ठरलेलं आहे. रुग्णांना वर-खाली मान हलवायला शिकवा. आठवड्याभरात शिकतील." मी म्हटलं, "सर, ज्या माणसाची अर्धी मान चालते, त्याला आधी परदेशी मान शिकवू, आणि मग पाणी देऊ का?" त्यांनी काहीतरी टिपून घेतलं. ते माझ्या बाजूचं नव्हतं, हे मला उलटं वाचूनही कळलं.

याच दिवसांत शामरावकाकाजींचं प्रकरण आलं.

शामरावकाकाजी आमच्या गल्लीतले. पावसाळा-उन्हाळा माग, आणि दिवाळी सरली की हिवाळाभर झाडीपट्टीच्या नाटकांत खलनायक. असा खलनायक झाला नाही. ते स्टेजवर येऊन एक भुवई वर करायचे आणि मंडपातल्या बाया एकदम पोरांना पदराखाली घ्यायच्या. त्यांचं ते हसू सुरू झालं की वैनगंगेच्या पलीकडची कुत्री भुंकायची. एका गावात तर नाटकातल्या नायिकेला त्यांनी इतकं छळलं की दुसऱ्या दिवशी त्यांना तिथल्या दुकानात कोणी विडी दिली नाही. हा त्यांना मिळालेला सर्वांत मोठा पुरस्कार, असं ते सांगायचे.

त्या माणसाला लकवा मारला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. यमुनाकाकी त्यांचं सगळं करायची: उठवणं, बसवणं, भरवणं. तिची कंबर पार वाकली. मुलगा विलास नागपूरला कंपनीत नोकरीला. पोरगा वाईट नव्हता, हे आधीच सांगते, नाहीतर वाचक लगेच त्याला काकाजींची भूमिका देतील. दर आठवड्याला यायचा, आईची कंबर बघायचा आणि चिडायचा. नागपूरकडे अशा रुग्णांना ठेवून घेणारं एक केंद्र त्यानं पाहून ठेवलं होतं. दिवाळी झाली की वडिलांना तिथे हलवायचं, असं ठरवून टाकलं होतं.

"काकाजींना विचारलं का?" मी म्हटलं.

"कोणाले विचारू, ताई? डॉक्टरनं सांगतलं ना, उत्तरं भरवशाची नाहीत. कधी मान हलवते, कधी नाही हलवत. त्यायले समजून नाही राहिलं."

"समजतं की नाही, ते माझं यंत्र दाखवेल."

मी हे बोलून गेले. माझी जीभ नेहमीच माझ्यापुढे एसटीचा एक स्टॉप असते.

विलासनं तेच पकडलं. मग म्हणाला, "ठीक हाय. तुमची समिती येऊन राहिली ना? तिच्यासमोर बाबांनी बरोबर उत्तरं दिली तं मी त्यायले कुठं नाही नेत, घरी बाई ठेवतो कामाले. आणि नाही दिली, तं ताई, तुम्ही मंधात याचं नाही."

असा तो सौदा झाला. समितीपुढे माझं यंत्र, आणि यंत्रापुढे काकाजींचं घर.

समिती म्हणजे अध्यक्षसाहेब, एकटेच आले. काकाजी खाटेवर उशांना टेकून बसवलेले, धुतलेला सदरा घातलेला. काकीनं पोहे केले होते. साहेब "नको" म्हणाले, काकी म्हणाली "घ्या ना", साहेब "नको" म्हणाले, काकीनं बशी हातातच दिली, आणि साहेबांनी ती चाटूनपुसून रिकामी केली. हे मी पाहिलं आणि माझ्या डोक्यात काही उजेड पडला नाही. इतकी मी शिकलेली.

यंत्र सुरू केलं. त्याला मी एक गोड बाईचा आवाज बसवला होता, बातम्या सांगणारीसारखा.

"आपणांस पाणी हवे आहे का?"

काकाजींची हनुवटी वर गेली. पडद्यावर आलं: 'नाही.'

"आपणांस भूक लागली आहे का?"

'नाही.'

"आपणांस उशी नीट करून हवी आहे का?"

उशी तर सरकलीच होती, सगळ्यांना दिसत होती. 'नाही.'

पंखा? नाही. शाल? नाही. दार लावू? नाही. यंत्रानं जेवढं म्हणून देऊ केलं, त्या सगळ्याला नाही. साहेबांनी पेनाला टोपण लावलं. ते हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, जो प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर देतो, तो उत्तर देत नसतो." विलास खिडकीतून बाहेर पाहू लागला. आता वडिलांच्या कपड्यांची बॅग कुठली घ्यायची, हेच त्याच्या मनात असावं.

मी काही बोलणार, तेवढ्यात काकी आली. तिनं पाण्याचा गिलास काकाजींच्या तोंडापाशी धरला. त्यांनी हनुवटी उडवली. "घ्या ना जरासक," काकी म्हणाली. पुन्हा हनुवटी, पण अर्धी. "घसा सुकून गेला असन, घ्या." आणि मान कलती झाली. गिलास रिकामा झाला. दुसरा गिलास रिकामा झाला. उन्हाळ्यातली विहीर इतकं पाणी पीत नाही.

आणि काकी माझ्याकडे वळून म्हणाली, "प्रभे, तू तं पोहे खाल्लेच नाही."

मी खाल्ले नव्हते, कारण मी "नको" म्हणाले होते. सकाळपासून पोटात अन्नाचा कण नव्हता, पोह्यांवर डोळा होता, आणि तरी मी "नको" म्हणून बसले होते आणि काकी पुन्हा विचारेल म्हणून वाट पाहत होते. साहेबांच्या नादात ती विसरली, आणि मी उपाशी राहिले.

मी खुर्चीवरून अशी उठले की स्टँड पडता पडता वाचला. "साहेब! ते उत्तर देत आहेत! आपल्याकडे पहिल्या विचारण्याला हो म्हणणारा माणूस हावरट! आणि या यंत्रानं त्यांना परक्या बाईच्या आवाजात 'आपणांस' म्हणून विचारलं. दारात पाहुणी उभी, ती पाणी प्यायलेली नाही, आणि हे म्हणतील का की हो, आधी मला द्या? यंत्र विचारतं, पण आग्रह करत नाही! बिचारे तहानलेले राहताहेत सभ्यपणामुळे!"

साहेबांनी टोपण काढलं नाही. "मॅडम, ही कल्पना छान आहे. पण पुन्हा पुन्हा विचारून मिळवलेलं उत्तर म्हणजे दबाव. तो आम्ही मोजू शकत नाही."

"मला एक महिना द्या."

"पुढच्या महिन्यात मी भंडाऱ्याला येणार आहे. जाता जाता थांबेन," ते म्हणाले. "शेवटचं." विलासही तोवर थांबायला तयार झाला. तोही म्हणाला, "शेवटचं."

त्या महिन्यात मी यंत्राला जे शिकवलं, ते जगात कोणी कोणत्या यंत्राला शिकवलं नसेल. आग्रह. पहिला नकार आला की लगेच निघून जायचं नाही. जरा थांबायचं. मग दुसऱ्या शब्दांत विचारायचं. हनुवटी पहिल्यापेक्षा कमी वर गेली तर समजायचं की माणूस वितळतोय. कॉलेजातले माझे सहकारी म्हणाले, प्रभाताई, हे संशोधन आहे की पंगत? मी म्हटलं, दोन्ही. जो विद्वान पंगतीत बसला नाही, त्यानं माणसाच्या होकारावर प्रबंध लिहू नये. यावर ते हसले. मी हसले नाही.

आणि तो गोड आवाज काढून टाकला. त्याच्या जागी काकीचा घातला. काकी आधी लाजली. "माह्या आवाजात कोण आइकते बाई? घासलेल्या भांड्यावानी येते थो." पण मी माइक धरला आणि ती एकदा सुरू झाली ती झालीच. 'पाणी घेता का?' 'घ्या ना जरासक.' 'उशी सरकली दिसते, नीट करू का?' 'करून देते ना, थांबा.' नुसतं ऐकूनच मला दोनदा भूक लागली.

पुढच्या महिन्यात अध्यक्षसाहेब आले. काकी आत चुलीपाशी. काकाजी उशांना टेकून. विलास दाराच्या चौकटीत. मी यंत्र सुरू केलं आणि काकीच्या आवाजात प्रश्न आला:

"चहा घेता का?"

हनुवटी वर.

"घ्या ना, अर्धा कप."

हनुवटी वर, पण जेमतेम.

"ठेवला हाय मी, वाया जाईन."

मान कलती झाली. पडद्यावर आलं: 'हो.'

असेच पाणी, उशी, शाल. सगळ्याचे होकार आले. मी साहेबांकडे असं पाहिलं, जशी काही मीच वैनगंगा अडवून आणली होती.

साहेब म्हणाले, "मॅडम, तिसऱ्यांदा इतक्या प्रेमानं विचारलं, तर मीसुद्धा विष घेईन. मागच्या वेळी सगळे नकार होते. आज सगळे होकार. मला सांगा, हा होकार त्यांचा कशावरून? तुमच्या आग्रहाचा कशावरून नाही?"

  माणूस बरोबर बोलत होता. बरोबर बोलणाऱ्या माणसाचा राग फार येतो. पण मी माघार घेणारी नव्हते.

"बरोबर आहे," मी म्हटलं. "तर मग ज्याला त्यांचा खरा नकार असेल, असं काहीतरी विचारू. तिन्हीदा. पूर्ण आग्रहानं. आग्रहानं होकार उगवत असेल तर तिथेही उगवेल."

"काय विचारणार?"

मी उत्तर द्यायच्या आधीच दारातून विलास बोलला. "नागपूरचं विचारा."

 काकी आतून हात पुसत आली होती. तिनं ऐकलं होतं.

आवाज काकीचा होता, म्हणजे प्रश्नही काकीनंच घालायचा होता. मी तिला माजघरात नेलं. "काकी," मी म्हटलं, "आग्रह खरा पाहिजे. लटका केला तर साहेब ओळखतील. आणि काकाजी त्यांच्या आधी ओळखतील."

"मले समजते, पोरी," ती म्हणाली. मग कमरेवर हात ठेवून हळूच पाटावर बसली, आणि माइककडे न बघता बोलली. मी नुसती तो धरून बसले होते. ती उठली तेव्हा म्हणाली, "झालं. लाव."

मी खाटेपाशी जाऊन यंत्र सुरू केलं; काकीही माझ्यामागून येऊन उभी राहिली.

"नागपूरले जाता का?"

हनुवटी टचकन वर. 'नाही.'

"जा ना. तिथं पोरगा जवळ हाय. पाहाले बाया हायेत."

हनुवटी वर गेली, पण हळू. 'नाही,' यंत्रानं लिहिलं, आणि खाली बारीक अक्षरात, मीच शिकवलं होतं त्याप्रमाणे: 'नकार सौम्य होत आहे.' ते बारीक अक्षर मी स्वतःच्या हातानं त्यात घातलं होतं. त्या क्षणी मला ते हातानं पुसून टाकावंसं वाटलं.

तिसरा प्रश्न आला.

"जा हो आता. माही कंबर नाही चालत. मीच म्हणून राहिली ना, जा."

हे नाटक नव्हतं. ते वाक्य बनवलेलं नव्हतं, इतक्या महिन्यांत ती असं एकदाही बोलली नव्हती आणि आता माइकपुढे बोलून बसली होती. मी काकीकडे पाहिलं. तिनं पदर तोंडाशी धरला होता. विलासनं चौकट घट्ट धरली होती.

काकाजी हलले नाहीत. यंत्र वाट पाहत राहिलं. घाई करायला मी त्याला शिकवलंच नव्हतं. मग त्यांची मान सरकली. डावीकडे, खांद्याकडे. कलती होऊ लागली. होकार.  बायकोच्या कमरेसाठी हा माणूस हो म्हणणार, आणि ते खरंच हो असेल, आणि माझं यंत्र ते अगदी अचूक लिहील.

मान कलत राहिली, होकारापेक्षाही जास्त, आणि तेव्हा मला कळलं की मध्ये माझा स्टँड होता. पडद्याआड काकी दिसत नव्हती. ते तिला बघायला वाकत होते.

त्यांनी तिला पाहिलं. चांगलं पाहिलं. मग मान परत उशीवर आणली, डावी भुवई वर केली, तीच, मंडपातल्या बायांना पोरं पदराखाली घ्यायला लावणारी, आणि हनुवटी अशी उडवली की उशी मागे पडली. जिभेचा 'च्क' येणं शक्य नव्हतं. तो सगळ्यांना ऐकू आला.

'नाही.' खाली बारीक अक्षरात काहीच आलं नाही.

साहेब पुढे आले. यंत्र बाजूला सारून खाटेशी वाकून स्वतः म्हणाले, "शामराव, तिथे सगळ्या सोयी आहेत. डॉक्टर आहेत. खरंच नाही?"

काकाजींनी त्यांच्याकडे पाहिलं. मग हनुवटीनं त्यांना दार दाखवलं.

यंत्रानं लिहिलं: 'अर्थ लागत नाही.' खोलीतल्या सगळ्यांना लागला. आधी विलास हसला. मोठ्यानं, लहानपणी स्टेजखाली बसून हसायचा तसा. मग तोंड फिरवून बराच वेळ दाराची कडी वरखाली करत राहिला.

साहेब दिलदार निघाले, हे मला सांगावंच लागेल. "यांना समजतं," ते म्हणाले. "सगळं समजतं. मी तसं लिहून देतो." दिलंही. पण त्याच पत्रात पुढे असंही लिहिलं की आग्रह हा वैज्ञानिक निकष होऊ शकत नाही, सबब प्रकल्पाला पुढील निधी नाही. ठीक आहे. निधीशिवाय मी ते यंत्र आणखी काही घरांत बसवलं, प्रत्येक घरी त्या घरच्याच बाईच्या नाहीतर बाप्याच्या आवाजात. दुकानात ते कधी आलं नाही, याची मला खंत आहे. बंगळुरूला गेले असते तर आलं असतं, असं मला अजून सांगणारे लोक आहेत. त्यांना मी सांगते, बंगळुरूला गेले असते तर ते पहिल्या नकाराला गप्प बसलं असतं. आज तुमच्या मोबाईलमधली जी बाई तुम्हाला काय हवं ते विचारते, आणि तुम्ही एकदा नको म्हटलं की विषय सोडून देते, तिला म्हणावं मोहाडीला ये, महिनाभर राहा.

विलासनं घरी कामाला बाई ठेवली. दर शनिवारी येऊ लागला. काकीची कंबर सरळ झाली नाही, पण आणखी वाकली नाही. काकाजी त्याच खाटेवर, त्याच खोलीत राहिले, आणि पडद्याआडून आधी काकीला बघून घेतल्याशिवाय एकाही प्रश्नाचं उत्तर देत नसत. मी शेवटी स्टँड बाजूला हलवला. हे माझ्या संशोधनातलं सगळ्यात मोठं सुधारित तंत्र.

त्या दिवशीचं एक सांगायचं राहिलं.

सगळं आवरलं. साहेब खुर्चीवर जरा मोकळे होऊन बसले होते. काकी आतून चहाचा ट्रे घेऊन आली, वाफा निघत होत्या, आल्याचा वास सगळ्या घरात. आता साहेबांनाही आमच्याकडची रीत कळली होती. ते माझ्याकडे बघून मिश्कील हसले, आणि अगदी इथलेच असल्यासारखी हनुवटी वर करून म्हणाले, "नको, नको." आणि वाट पाहू लागले.

काकीनं त्यांच्याकडे पाहिलं.

"बरं," ती म्हणाली, आणि ट्रे घेऊन आत गेली.

खाटेवर काकाजींचे खांदे हलायला लागले. त्या ट्रेमध्ये माझाही कप होता. मी मागितला नाही.